शेण चालते, मग कुत्र्याची विष्ठा का चालत नाही?

जालना जिल्ह्यातील एखाद्या शेतआखाड्यावर भल्या सकाळी गेलात, तर दोन गोष्टी हमखास पाहायला मिळतील. गोठ्यातले शेण कोणीतरी हातानेच गोळा करून टोपल्यात भरत असते. त्यातले थोडे सारवणासाठी, थोडे गोवऱ्यांसाठी बाजूला निघते आणि उरलेले उकिरड्यावर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत उकंड्यावर जाते. त्याच वेळी राखणीचा दांडगा कुत्रा घरामागे किंवा मोसंबीच्या बागेच्या कडेला जाऊन आपला कार्यभाग उरकून येतो. तिकडे मात्र कोणी वळूनही पाहत नाही. फार तर कोणी नाक मुरडून पायाने थोडी माती लोटतो, झाले!

आता विचार करा. शेण काय किंवा कुत्र्याची विष्ठा काय, दोन्ही अखेर पचून उरलेल्या अन्नाचा चोथाच. मग एकाने अंगण सारवायचे आणि दुसऱ्याला शिवायचेही नाही, हा भेद नुसता सवयीचा आहे की त्यामागे काही शास्त्र आहे? शास्त्र आहे. इतकेच नाही, तर ते शास्त्र आपल्याला आणखी एक गोष्ट सांगते, जी आपण सहसा पाळत नाही. कुत्र्याची विष्ठा ज्या दिवशी पडली त्याच दिवशी उचलली पाहिजे. ‘त्याच दिवशी’ का, ते समजून घ्यायचे तर आधी कुत्र्याच्या पोटात डोकवावे लागेल.

पोटातला प्रवास

गाय कडबा खाते, गवत खाते. वनस्पतींतला तंतुमय भाग पचवणे फार अवघड काम. त्यासाठी तिच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यांत कोट्यवधी सूक्ष्मजीव तिच्यासाठी राबत असतात, आणि तिचे आतडे तिच्या अंगाच्या लांबीच्या सुमारे वीस पट लांब असते. एवढे करूनही जे पचत नाही ते शेणातून बाहेर पडते. म्हणून शेण हे मुख्यतः वनस्पतींच्या तंतूंचे बनलेले असते. वाळले की ते गोवरीसारखे जळते आणि त्याला फारसा उग्र दर्पही येत नाही.

कुत्रा मूळचा मांसाहारी. मांस पचायला सोपे, त्यामुळे त्याचे जठर एकच आणि आतडे अंगाच्या लांबीच्या जेमतेम पाच-सहा पट. पचलेल्या मांसातील प्रथिनांचे जे अवशेष मोठ्या आतड्यात उरतात, त्यांच्यावर जंतू काम करतात आणि त्यातून इंडोल, स्कॅटोल अशी दुर्गंधी द्रव्ये तयार होतात. कुत्र्याच्या विष्ठेचा तो नाकात बसणारा वास येतो तो यांमुळेच.

पण आपला आखाड्यावरचा कुत्रा मांस खातो तरी किती? त्याच्या वाट्याला येते ती ज्वारी-बाजरीची भाकर, कधी ताक, कधी वरणाचे पाणी. भाकरीतला स्टार्च त्याला पचतो कसा? या प्रश्नाचे उत्तर इ.स. २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दिले. स्टार्च पचवणारे अमायलेज नावाचे विकर स्वादुपिंडात तयार होते. त्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळल्या. हजारो वर्षे माणसाच्या दारात उष्टे-खरकटे खाऊन कुत्र्याचे पोट असे बदलत गेले! तरीही भाकरीतला कोंडा त्याला पचत नाही. म्हणून भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याची विष्ठा मांसावर वाढलेल्या कुत्र्यापेक्षा आकाराने मोठी असते, आणि तो दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला जातो.

थोराड कुत्र्यांची आणखी एक गंमत आहे. लहान जातींच्या कुत्र्यांत पचनसंस्थेचे वजन शरीराच्या सुमारे सात टक्के असते, तर अवाढव्य जातींत ते तीन टक्क्यांहूनही कमी भरते. म्हणजे देह मोठा, पण त्या मानाने आतडे लहान. शिवाय मोठ्या कुत्र्यांत चोथा मोठ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळतो. लहान कुत्र्यात अन्नाचा तोंडापासून शेवटपर्यंतचा प्रवास सुमारे एका दिवसात आटोपतो, तर मोठ्या कुत्र्यात त्याला दोन दिवसांहून अधिक लागू शकतात. रेंगाळलेला चोथा आंबतो आणि त्यामुळे विष्ठा जरा मऊ पडते. तेव्हा एखादा जर्मन शेफर्ड किंवा धनगरी वाड्यावरचा दांडगा कुत्रा थोडी मऊ विष्ठा टाकत असेल, पण अंगाने धडधाकट असेल, तर लगेच घाबरून जाऊ नये. दूध मात्र बेताने द्यावे. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि त्यांना ढाळ लागते.

पंचवीस-तीस किलो वजनाच्या कुत्र्याची विष्ठा दिवसाला साधारण तीनशे ग्रॅम धरा. गणित करून पाहा. महिन्याला नऊ किलो आणि वर्षाला शंभर किलोहून जास्त! एका अंगणाला हे ओझे लहान नव्हे.

वेळ आणि दिशा

कुत्रा शौचाला कधी जाईल हे बरेचसे आधी सांगता येते. जठरात अन्न पडले की मज्जातंतूंमार्फत मोठ्या आतड्याला इशारा पोहोचतो, ते आकुंचन पावू लागते आणि आधीचा चोथा पुढे ढकलला जातो. माणसातही असेच होते. तान्हे मूल दूध पिता पिताच दुपटे भरवते, ते याच कारणाने. पिलू खाल्ल्यावर पाव ते अर्ध्या तासात जाते. वाढलेला कुत्रा खाल्ल्यानंतर किंवा सकाळी उठून थोडा हिंडल्यानंतर जातो. पचन आणि सवय यांचे नाते किती घट्ट असते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखवले. त्यांना पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा कुत्र्याला रोज ठरलेल्या वेळी जेवण द्या आणि जेवणानंतर साखळी धरून ठरलेल्या कोपऱ्यात न्या. दोन-तीन आठवड्यांत तो कोपरा त्याच्या अंगवळणी पडतो. मग विष्ठा साऱ्या आवारात शोधत हिंडावे लागत नाही. सफाईचे निम्मे काम इथेच संपते.

बसण्यापूर्वी कुत्रा गोल गोल का फिरतो, असे तुम्ही कधी स्वतःला विचारले आहे का? इ.स. २०१३ मध्ये चेक आणि जर्मन संशोधकांनी ३७ जातींच्या ७० कुत्र्यांच्या १,८९३ शौचांची नोंद केली. (एवढ्या चिकाटीने हे काम करणाऱ्यांना दाद दिली पाहिजे!) पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असते तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण रेषेत बसणे पसंत करतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. याबद्दल त्यांना २०१४ साली ‘आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या’ संशोधनाचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. हा निष्कर्ष सर्वांनाच पटलेला आहे असे नाही. पण तुमच्या शाळेत होकायंत्र आहे, गावात कुत्र्यांचाही तोटा नाही. महिनाभर नोंदी ठेवून पाहायला काय हरकत आहे?

विष्ठेकडे रोज नजर गेली की कुत्र्याच्या प्रकृतीचाही अंदाज येतो. घट्ट, उचलताना न मोडणारी विष्ठा निरोगी. डांबरासारखी काळी असेल तर जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असावा. ताजे लाल रक्त दिसले तर ते मोठ्या आतड्यातले असण्याचा संभव असतो. खडूसारखी पांढरी व कोरडी असेल तर कुत्र्याने हाडे फार चघळली आहेत. भाताच्या शितासारखे किंवा काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर ते चपट्या कृमीचे खंड होत. आणि पिलाला रक्ताचे, भयंकर दुर्गंधीचे जुलाब सुरू झाले तर वाट पाहू नका. तो १९७८ साली प्रथम ओळखला गेलेला पार्व्होचा विषाणू असू शकतो. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

तीन कृमी, तीन घड्याळे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेणात जंतू नसतात असे मुळीच नाही. पण कुत्र्याच्या आतड्यात असे काही कृमी राहतात की ज्यांची अंडी किंवा अळ्या माणसाच्या शरीरात शिरून उपद्रव करतात. त्यांतले तीन आपल्या भागात महत्त्वाचे, आणि तिघांची घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालतात.

पहिला गोल कृमी, टोक्सोकारा. पिलांना तो बहुधा आईच्या पोटातच लागतो. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात. पण ताज्या विष्ठेतील अंडे निरुपद्रवी असते! त्याच्या आतली अळी तयार व्हायला हवामानाप्रमाणे एक ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत विष्ठा पावसाने, पायांनी मातीत मिसळून दिसेनाशी झालेली असते, आणि अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्या मातीत खेळून लहान मुलाने तोंडात बोट घातले, किंवा तिथली कोथिंबीर न धुता खाल्ली, की अंडी पोटात जातात. अळ्या आतडे भेदून यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात जातात. डोळ्यात गेलेल्या अळीने दृष्टी अधू होऊ शकते.

दुसरा अंकुशकृमी. याचे घड्याळ जलद. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत अळ्या माणसाच्या कातडीत शिरण्याजोग्या होतात. अनवाणी पायात शिरलेली अळी कातडीखाली सरपटत जाते. तिच्या वाटेवर लाल, नागमोडी, विलक्षण खाजणारी रेघ उमटते.

या दोन घड्याळांत आपल्याला सवड मिळते. विष्ठा त्याच दिवशी उचलली तर यांपैकी एकही कृमी माणसाला बाधण्याच्या अवस्थेला पोहोचत नाही. आठवड्याने उचलली तर अंकुशकृमीच्या अळ्या मातीत उतरलेल्या असू शकतात, आणि महिन्याने उचलायला तर काही उरतच नाही. माशीलाही अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उन्हाळ्यात सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे रोजच्या सफाईत माशांची पैदासही आपोआप आटोक्यात येते.

तिसरा कृमी मात्र सवड देत नाही. त्याचे नाव एकिनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा चपटा कृमी जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तीच बाधा करण्याच्या तयारीत. ती चाऱ्याबरोबर मेंढी, शेळी किंवा गुरे यांच्या पोटात गेली की त्यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. डॉक्टर त्यांना हायडॅटिड गाठी म्हणतात. माणसाच्या पोटात अंडी गेली तर माणसातही अशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात, आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करूनच काढाव्या लागतात. गाठी असलेल्या मेंढीचे काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले की चक्र पुरे होते.

आता आपल्याकडचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सुगी झाली की शेतकरी धनगरांना बोलावून रानात मेंढ्या बसवतात. लेंड्या आणि मूत्र यांनी जमीन खतावते. कळपाबरोबर राखणीची कुत्रीही येतात. एखादी मेंढी आजारी पडून मरते, किंवा जत्रेत बोकड कापला जातो, आणि नको असलेले काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकले जाते. कुत्रा, मेंढी आणि माणूस तिघे एकाच रानात! या कृमीला आणखी काय हवे? येथे नुसती सफाई पुरेशी होत नाही. चक्र कुत्र्याच्या तोंडापाशीच तोडावे लागते. कच्चे अवयव कुत्र्याला कधीही टाकू नयेत. ते खोल पुरावेत किंवा चांगले उकळून द्यावेत. शिवाय पशुवैद्याच्या सल्ल्याने चपट्या कृमीवरचे प्राझिक्वांटेल हे औषध ठराविक काळाने द्यावे.

हे साधते का? आइसलंडमध्ये साधले. तेथे मेंढ्या आणि कुत्री फार, आणि हायडॅटिडचे रोगीही फार. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी १८६३ साली तेथे जाऊन शंभर कुत्र्यांचे शवविच्छेदन केले, तेव्हा अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी सापडला. पुढच्याच वर्षी त्यांची सोप्या भाषेतली पुस्तिका तेथील घरोघर फुकट वाटण्यात आली. आइसलंडचे लोक वाचनाचे वेडे, हिवाळ्याच्या रात्री लांबच लांब. ती पुस्तिका वाचली गेली. १८६९ साली कायदाही झाला. गाठी असलेले अवयव जाळू-पुरू लागले, कुत्र्यांना औषध मिळू लागले, आणि पुढच्या काही पिढ्यांत तो रोग त्या देशातून हद्दपार झाला. त्या वेळी प्राझिक्वांटेल नव्हते, हे ध्यानात घ्या.

काळी माती, ऊन आणि ठिबक

कोणी म्हणेल, आमच्या जालन्याच्या मे महिन्यातल्या उन्हात कसली अंडी जगतात? उघड्या, तापलेल्या जमिनीवर ती खरोखरच वाळून मरतात. पण कुत्रा उन्हात कशाला बसेल? तो सावली शोधतो. मोसंबीच्या झाडाखाली दाट सावली असते आणि ठिबकच्या नळीने माती सदैव ओलसर राहते. अंकुशकृमीच्या अळीला याहून चांगली जागा मिळणार नाही. आणि त्याच आळ्यात आपण अनवाणी खुरपायला बसतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. आपल्याकडे वर्षाचा सातशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. पहिल्या जोरदार सरीचे पाणी मातीतून गाळून न जाता या भेगांतून सरळ खाली उतरते, आणि वाटेतली घाण उथळ विहिरीकडे नेऊ शकते. म्हणून मृगापूर्वीची सफाई सर्वांत महत्त्वाची.

फिनेल किंवा चुना टाकून भागत नाही. त्यांनी वास कमी होईल, माशा हटतील, पण गोल कृमीच्या अंड्याचे कवच इतके चिवट असते की ते या द्रव्यांना दाद देत नाही. खराट्याने झाडणेही चूक, कारण त्याने घाण पसरते. खोऱ्याने खालच्या बोटभर मातीसकट विष्ठा उचलावी, पायात चप्पल असावी, ते खोरे दुसऱ्या कामाला वापरू नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

उचललेल्या विष्ठेचे करायचे काय? एके काळी तिला चक्क भाव होता! एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये गरीब लोक रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा वेचून चामडे कमावणाऱ्यांना विकत. तिच्यातील विकरांनी कातडे मऊ होई. १९०७ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र‍्योम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरे वापरून तेच काम स्वच्छपणे करण्याची युक्ती काढली आणि तो धंदा मागे पडला.

खत मात्र आजही करता येते. अलास्कात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे मोठाले तांडे असतात. तेथे दोन भाग विष्ठा आणि एक भाग लाकडाचा भुसा असे मिसळून ढीग लावतात. विष्ठेत कार्बनच्या मानाने नत्र जास्त, आणि भुसा ती उणीव भरून काढतो. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवून ढीग अधूनमधून खालीवर केला की आतले तापमान साठ अंशांच्या वर जाते आणि कृमींची अंडी मरतात. तरीही ते खत भाजीपाल्याला किंवा खाण्याच्या पिकाला घालत नाहीत. आपल्या घरी एक-दोनच कुत्री. त्यांच्या विष्ठेचा ढीग एवढा लहान होतो की तो तापतच नाही. तेव्हा उकंड्यात ती मिसळणे धोक्याचे, कारण तेच खत उद्या मेथी-पालकाच्या वाफ्यात पडते.

घरच्यासाठी खड्डाच बरा. दोन फूट रुंद, तीन फूट खोल, विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि तिच्या उताराच्या खालच्या अंगाला. दीड-दोन फुटांवर मुरूम लागला तर तिथेच थांबावे, कारण भेगाळ मुरमातून पाणी झपाट्याने खाली जाते. रोजची विष्ठा टाकली की वर मूठ-दोन मूठ माती टाकावी. काठाभोवती वीतभर बांध घालावा म्हणजे पावसाचे लोंढे आत शिरणार नाहीत. हातभर खोली उरली की खड्डा मातीने बुजवून वर लिंबाचे, म्हणजे कडुनिंबाचे रोप लावावे आणि दुसरा खड्डा घ्यावा. झाकण मात्र जड हवे. एखादी फरशी चांगली, कारण पत्र्याचे झाकण रात्रीतून गावातली डुकरे उलटवतात, आणि सकाळी कोंबड्या आत उतरून सगळे पुन्हा अंगणभर उकरून ठेवतात.